सोपी साइट कुणाच्या सहीने होते? गव्ह.यूकेचं प्रकरण

ब्रिटन सरकारच्या गव्ह.यूके या साइटवर सुट्ट्यांचं एक पान आहे. ते उघडलं की सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एकच तारीख दिसते, पुढच्या बँक हॉलिडेची, म्हणजे सार्वजनिक सुट्टीची. त्याखाली यादी, आणि ती इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड अशी तीन भागांत, कारण तिन्हीकडच्या सुट्ट्या सारख्या नसतात. बस्स. प्रस्तावना नाही, सुट्टीचा इतिहास नाही, मंत्रिमहोदयांचा हसरा फोटो नाही. सुट्टीच्या दिवशी पान उघडलं तर वरच्या कडेला रंगीत पताका लागलेल्या दिसतात. गुड फ्रायडेला मात्र लागत नाहीत. कुठल्या सुट्टीला पताका शोभतात आणि कुठल्या नाही, याचाही कुणीतरी विचार करून ठेवलाय.

बहुतेक माणसं ती तारीख बघतात आणि निघून जातात. बनवणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. लोक साइटवर किती वेळ रेंगाळले ही साइट बनवण्याच्या आमच्या धंद्यातली लाडकी मोजणी. सरकारी साइटवर माणूस जास्त वेळ थांबला याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्याला हवं ते सापडत नाहीये.

वापरायला सोपी साइट कशी करावी यावर लिहिताना लोक रंग, बटणं आणि मेनूवर येतात. गव्ह.यूकेचं प्रकरण मी निवडलं कारण त्यात या सगळ्याच्या आधी काय ठरावं लागतं ते उघड दिसतं. कुठलं पान ठेवायचं, कुठला प्रश्न विचारायचा, कुणाचं वाक्य खोडायचं हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, यावर साइट सोपी होणार की नाही हे ठरतं. हा अधिकार होता तिथे त्यांची साइट जगाने नावाजली. नव्हता तिथे त्याच संस्थेची फजिती झाली. दोन्ही गोष्टींची सरकारी कागदोपत्री नोंद आहे.

आधीचा पसारा

२०१० साली ब्रिटनमध्ये नागरिकांसाठी डायरेक्टगव्ह नावाची साइट होती, २००४ पासून चालू असलेली. व्यावसायिकांसाठी बिझनेस लिंक ही दुसरी. शिवाय प्रत्येक खात्याची स्वतःची साइट, खात्याखालच्या संस्थांच्या आणखी वेगळ्या, अशा मिळून शेकडो. प्रत्येकीचा मेनू वेगळा, भाषा वेगळी, ठेकेदार वेगळा. लायसन्सचं काम कुठल्या संस्थेकडे आणि गाडीच्या टेस्टचं कुठल्या, हे माणसाला आधीच ठाऊक असायला हवं, असं गृहीत धरून सगळी मांडणी केलेली.

त्या वर्षी लास्टमिनिट डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या साइटच्या सहसंस्थापक मार्था लेन फॉक्स यांना डायरेक्टगव्हचा आढावा घ्यायला सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेला हा आढावा म्हणजे कॅबिनेट ऑफिसचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांना लिहिलेलं एक पत्र होतं. हळूहळू सुधारणा नको, क्रांती करा, असा त्याचा सूर. सरकारचा सगळा ऑनलाइन मजकूर एका पत्त्याखाली आणा, ही त्यातली शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला दुसरी शिफारस जास्त मोलाची वाटते: सगळ्या खात्यांच्या ऑनलाइन सेवा वापरताना नागरिकाला काय अनुभव येतो यावर एकाच व्यक्तीचा पूर्ण अधिकार हवा. सल्ला देण्याचा अधिकार नव्हे, 'नाही' म्हणण्याचा.

भारताकडे पाहिलं तर या शिफारशीचं वजन कळतं. सरकारी साइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारने २००९ मध्येच काढली, म्हणजे गव्ह.यूके सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी. तत्त्वं वाचायला चांगली आहेत. तरीही सरकारी होमपेजवर लुकलुकणारी 'न्यू'ची पट्टी आणि धावता मजकूर वर्षानुवर्षं टिकला. काय करावं हे लिहून ठेवणं वेगळं आणि ते न करणाऱ्याचं पान चढूच न देणं वेगळं.

बारा आठवड्यांचा नमुना

पत्रानंतर एका लहान गटाने टॉम लूसमोर यांच्या नेतृत्वाखाली बारा आठवड्यांत एक कच्चा नमुना उभा केला आणि मे २०११ मध्ये तो सरळ लोकांसमोर ठेवला. खर्च २,६१,००० पौंड. सरकारी संगणकीकरणाच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लर. नमुन्यात खात्यांची नावं मागे ढकललेली होती आणि पुढे होता शोधायचा मोठा रकाना.

त्याच वर्षी गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस ही संस्था उभी राहिली. 'गार्डियन' वृत्तपत्राचं डिजिटल काम पाहिलेले माइक ब्रॅकन तिचे प्रमुख झाले. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक बंद करून त्यांच्या जागी गव्ह.यूके सुरू झाली. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत सगळी २४ मंत्रालयीन खाती आणि २०१४ संपेपर्यंत तीनशेहून अधिक संस्था या एका पत्त्याखाली आल्या.

काय लिहायचं नाही

खरं काम दिसण्यापेक्षा मजकुराचं होतं, आणि मला या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो.

जुन्या साइटवरची पानं उचलून नव्यावर टाकायची नाहीत, असं ठरलं. प्रत्येक पानासाठी आधी एक गरज लिहायची, ठरलेल्या साच्यात: मी अमुक आहे, मला तमुक करायचंय, म्हणजे माझं ढमुक होईल. या साच्यात जे बसत नाही त्याचं पान होत नाही. 'आमच्या खात्याच्या योजनेबद्दल जनजागृती व्हावी' ही या साच्यात बसणारी गरज नव्हे, कारण तसं वाटणारा नागरिक कुठेच नसतो. वाटतं ते खात्याला. गरजा नागरिकांच्या, सरकारच्या नव्हेत, हे वाक्य २०१२ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या दहा तत्त्वांपैकी पहिल्याच तत्त्वाला तळटीप म्हणून जोडलेलं होतं. दुसरं तत्त्व होतं, कमी करा. जे फक्त सरकारच करू शकतं तेवढंच सरकारने करावं. बाकीचं दुसरं कुणी चांगलं करत असेल तर त्याला करू द्यावं.

मग खात्यांशी वाद होणारच. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा कुठल्याही मोठ्या संस्थेला वापरता येईल असा आहे. मजकूर लिहिणार लेखनाचे जाणकार. त्यांना नाव दिलं 'कंटेंट डिझायनर', आणि ही भूमिका रुजवण्यात सारा रिचर्ड्स यांचा मोठा वाटा. खात्यातले तज्ज्ञ तो मजकूर तपासणार, पण फक्त त्यातली माहिती बरोबर आहे का एवढ्यापुरता. दर चुकला असेल, मुदत चुकली असेल, अट सुटली असेल तर सांगा. वाक्य तुम्हाला पुरेसं भारदस्त वाटत नाही ही हरकत चालणार नाही. ज्यांनी एखाद्या कंपनीच्या 'आमच्याविषयी' पानासाठी सहा साहेबांच्या दुरुस्त्या एकाच मजकुरात कोंबल्या असतील, त्यांना या एका नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

लेखनाचे नियमही तपशिलात उतरले. नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतपत सोपं लिहा. वकिलांनाही घाईत सोपंच वाचायला आवडतं. काही क्रियापदांवर बंदीच घातली. 'डिलिव्हर' पिझ्झा, टपाल आणि सेवा यांच्यापुरतंच, 'सुधारणा' डिलिव्हर करता येत नाहीत. 'टॅकल' हे रग्बी, फुटबॉल किंवा तसल्या खेळाबद्दल असेल तरच. नियमावलीत अशी मिश्किल कारणं दिल्यामुळे ती लोकांनी आवडीने वाचली, आणि हेही काही थोडं नाही. 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' या प्रकारालाही त्यांनी मनाई केली. पान नीट लिहिलं असेल तर त्या प्रश्नांची उत्तरं पानातच असली पाहिजेत. नसतील तर पान दुरुस्त करा, खाली शेपूट जोडू नका. मला हा नियम थोडा ताठर वाटतो. छोट्या संस्थेला सगळी पानं पुन्हा लिहिण्याइतकी माणसं कुठून आणायची? पण सरकारच्या बाबतीत तो योग्यच.

मथळ्यांचंही तसंच. बहुतेक लोक गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात, होमपेज पाहतच नाहीत. म्हणून मथळ्यात लोक शोधताना टाकतात तेच शब्द हवेत आणि महत्त्वाचा शब्द सुरुवातीला हवा. व्हॅटच्या, म्हणजे मूल्यवर्धित कराच्या, दराचं पान उघडा. २० टक्के, ५ टक्के, शून्य, आणि कशाला कुठला दर लागतो, असं छोटं कोष्टक. कायद्याचं नाव, कलम, अधिसूचनेचा क्रमांक यांपैकी काही वाटेत येत नाही.

एका पानावर एक प्रश्न

आता फॉर्म. साइट सोपी की अवघड याचा खरा कस इथे लागतो, कारण वाचताना माणूस कंटाळला तर निघून जातो, फॉर्म भरताना अडकला तर त्याचं काम बुडतं.

फॉर्मतज्ज्ञ कॅरोलाइन जॅरेट यांनी पुढे आणलेली एक पद्धत त्यांनी धरली. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं: हे उत्तर कोण वापरतं, कशासाठी वापरतं, उत्तर चुकलं किंवा दिलंच नाही तर काय होतं. हे कोष्टक घेऊन खात्यात बसलं की गंमत होते. निम्म्या प्रश्नांबाबत 'पूर्वीपासून विचारतो' याखेरीज उत्तर येत नाही. आठवड्याला किमान ३५ तास कुणाची शुश्रूषा करणाऱ्यांना मिळणारा केअरर्स अलाउन्स हा भत्ता घ्या. त्याचा अर्ज नव्याने बांधताना जवळपास निम्मे प्रश्न गळाले. दिवसभर आजारी आईची उस्तवार करून रात्री अर्जाला बसणाऱ्या बाईसाठी याहून मोठी डिझाइनची सुधारणा कुठली असणार?

उरलेले प्रश्न एका पानावर एक असे मांडायचे. ऐकायला हे उलटं वाटतं, पानं वाढतात ना! पण फोनच्या पडद्यावर एकच प्रश्न नीट मावतो, चूक कुठे झाली ते लगेच कळतं, आणि आधीच्या उत्तरावरून पुढचे गैरलागू प्रश्न गाळता येतात. 'विवाहित असल्यासच भरा, अन्यथा प्रश्न १७ कडे जा' ही कागदी कसरत उरत नाही. लांब फॉर्म बघून पोटात गोळा येतो तोही येत नाही.

एक रकाना अगदी जवळून बघू: जन्मतारीख. आपल्याकडच्या कितीतरी साइटवर तिथे कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्याचं. १९५८ साली जन्मलेल्या माणसाने मग मागचं बटण दाबत बसायचं. किंवा तीन ड्रॉपडाउन, आणि वर्षाची यादी फोनवर अंगठ्याने ढकलत न्यायची. गव्ह.यूकेवर तीन साध्या चौकटी आहेत, दिवस, महिना, वर्ष, आणि वर एक उदाहरण दिलेलं. स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते, त्याला फक्त टाइप करू द्या. दिवस भरला की कर्सर आपोआप पुढच्या चौकटीत उडवायचा मोह डेव्हलपरला होतोच. त्यांच्या नियमात तो साफ मना आहे, कारण चुकलेला आकडा दुरुस्त करताना तो कर्सर हाती लागत नाही आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला आपण कुठे आलो हे कळत नाही. महिना कुणी अंकाऐवजी अक्षरांत लिहिला तरी तो स्वीकारा, असंही तिथे म्हटलंय. समजून घेण्याचं काम मशीनचं.

आकड्यांच्या रकान्याची गोष्ट तर फक्त आमच्यासारख्यांना रस वाटेल अशी आहे, तरी सांगतो. ब्राउझरमध्ये संख्येसाठी खास रकाना असतो आणि सगळे डेव्हलपर तो डोळे मिटून वापरतात. २०२० मध्ये गव्ह.यूकेच्या गटाने तो सोडून दिला. त्यात कर्सर असताना माउसचं चाक फिरवून पान खाली घेतलं की भरलेला आकडा गुपचूप बदलतो. काही ब्राउझरमध्ये अक्षर टाइप केलं तर ते मुकाट गायब होतं, चुकलं हेही कळत नाही. बोलून टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो रकाना नीट पकडता येत नाही. त्याजागी त्यांनी साधा मजकुराचा रकाना ठेवला आणि फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल एवढीच सूचना ब्राउझरला दिली. आपला आकडा आपल्या नकळत बदलला हे कळायला मार्ग नसल्याने युजर कधी अशी तक्रार करत नाही. ती शोधावी लागते. लोक साइट वापरत असताना शेजारी बसून पाहावं लागतं, म्हणून त्यांच्याकडे डेव्हलपरपासून मॅनेजरपर्यंत गटातल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास असं बसावं असा आग्रह होता.

फॉर्ममधली चूक दाखवणारा संदेश देतानाही तीच शिस्त. वर एक चौकट, त्यात चुकांची यादी, प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की थेट तो रकाना. 'हा रकाना अनिवार्य आहे' असं न म्हणता 'तुमचं पूर्ण नाव लिहा' असं म्हणायचं. 'कृपया' नको, कारण त्याने न करण्याची सवलत असल्यासारखं वाटतं. 'अरेरे' तर नकोच नको. भत्ता अडकलेल्या माणसाशी लाडीगोडी करू नये.

नावाबद्दल त्यांचा सल्ला असा, की शक्य असेल तिथे एकच रकाना द्या, कारण जगभर नावांची रचना सारखी नसते. हे आपल्याला सांगायला हवं का? पुण्या-कोल्हापूरहून ब्रिटनला शिकायला जाणाऱ्या मुलांची या साइटशी पहिली गाठ व्हिसाच्या वेळी पडते, आणि तिथे पासपोर्टाप्रमाणे नाव नि आडनाव वेगळं करताना वडिलांचं नाव कुठे जाणार हा प्रश्न घरोघरी पडतो. आता तर महाराष्ट्राच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव येतं: आपलं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. पहिलं, मधलं, शेवटचं अशा तीन चौकटी ठोकून बसवलेला प्रत्येक शाळेचा आणि दवाखान्याचा फॉर्म या एका निर्णयाने अपुरा पडतो.

कंटाळवाणी म्हणून गाजलेली

दिसायला ही साइट जवळजवळ कोरी. पांढरं पान, काळी अक्षरं, एक हिरवं बटण. अक्षरवळण मात्र घरंदाज: जॉक किनेअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी जे वळण केलं, त्याचीच पुढची आवृत्ती. धावत्या गाडीतून वाचता यावं म्हणून घडवलेली अक्षरं फोनवर घाईत वाचणाऱ्यालाही मानवली. कॅल्व्हर्टबाई या कामात स्वतः सल्ला द्यायला होत्या.

वृत्तपत्रांनी कंटाळवाणी म्हणून टर उडवली. एप्रिल २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून याच साइटला निवडलं. स्पर्धेत लंडन ऑलिंपिकच्या ज्योतीचं कुंड होतं, शार्ड ही गगनचुंबी इमारत होती. साइट घडवणाऱ्या संस्थेत डिझाइनचे प्रमुख बेन टेरेट होते. साइटसाठी लिहिलेला कोड खुला असल्याने इतर देशांनाही या कामाचा उपयोग झाला.

तक्रारीही खऱ्या होत्या. खास विषयातल्या लोकांना, लेखापालांना, छोट्या कारखानदारांना, जुन्या साइटवरचा सविस्तर मजकूर सापडेना. सर्वसाधारण नागरिकासाठी छाटलेलं पान तज्ज्ञाला तोकडं पडतं. आणि शेकडो संस्था एका पत्त्याखाली आल्यावर पानांची संख्या फुगत तीन लाखांच्या वर गेली. पहिल्या वर्षी ओतलेली छाटणीची शिस्त दर वर्षी तितक्याच जोराने ओतायला माणसं लागतात, आणि ती कुणी मंजूर करत नाही.

जिथे अधिकार पोचला नाही

मतदार नोंदणीची ऑनलाइन सेवा जून २०१४ मध्ये सुरू झाली. छोटी, स्वच्छ, काही मिनिटांत संपणारी. युरोपीय संघात राहायचं की नाही या सार्वमतासाठीच्या नोंदणीची मुदत ७ जून २०१६ च्या मध्यरात्री संपत होती. त्या संध्याकाळी टीव्हीवर सार्वमतावरचा मोठा कार्यक्रम झाला, तो संपल्यावर लोक साइटवर तुटून पडले आणि दहानंतर ती कोसळली. सरकारला मुदत दोन दिवस वाढवावी लागली.

गर्दी झाली, सर्व्हर पडला, हे रोजचंच. पुढे निवडणूक आयोगाने काढलेला आकडा जास्त बोलका आहे. प्रचाराच्या काळात आलेल्या अर्जांपैकी ३८ टक्के अर्ज आधीच नाव नोंदलेल्यांचे होते! याद्या स्थानिक परिषदांकडे, प्रत्येकीची वेगळी. त्यामुळे 'माझं नाव यादीत आहे का' या सगळ्यात साध्या प्रश्नाचं उत्तर साइटला देताच येत नव्हतं. मग लोक खात्रीसाठी पुन्हा अर्ज भरत, आणि फॉर्म इतका सोपा की भरायला काहीच वाटत नसे. परिषदांचे कारकून ते दुबार अर्ज हाताने वेगळे काढत बसले. पुढच्या पडद्यावर वाचवलेले कष्ट असे कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पडले होते.

शेतकऱ्यांच्या अनुदानाचं प्रकरण आणखी वाईट. २०१५ मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी नकाशावर आपल्या जमिनीच्या हद्दी आखून ऑनलाइन अर्ज करायचा होता. नकाशाची यंत्रणा चालेना, आणि मार्चमध्ये त्यांना पुन्हा कागदी फॉर्मकडे वळवावं लागलं. अनेक संस्था, अनेक प्रमुख, आणि त्यांच्यातले वाद राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदले गेले.

आणि व्हेरिफाय. सगळ्या सरकारी सेवांसाठी एकच ओळखपडताळणी, २०१६ मध्ये अधिकृतपणे सुरू झालेली. ओळख पटवण्याचं काम खासगी कंपन्यांकडे होतं आणि त्यांतली एक नागरिकाने निवडायची. करभरणा करायला आलेल्या माणसाने आधी काही कंपन्यांतून एक निवडायची, हेच अनेकांना उमगत नसे. पडद्यावरचे शब्द कितीदा सुधारले तरी तो प्रश्न तिथे का आहे, याचं नागरिकाला पटेल असं उत्तर नव्हतं. ते उत्तर सरकारच्या सोयीत होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं. २०२० पर्यंत अडीच कोटी लोकांचं लक्ष्य होतं, पोचले होते ३६ लाख. कर खात्याने आपली जुनी लॉगिन यंत्रणा सोडायचं नाकारलं, आणि त्याला भाग पाडेल असं कुणी नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये व्हेरिफाय बंद झाली.

तत्त्वं तीच, संस्था तीच, आणि माणसं हुशारच. सुट्टीच्या पानावर वाक्य खोडायला कुणाची परवानगी लागली नाही. इथे मात्र कंपन्यांचे करार आणि कर खात्याचा हट्ट खोडायचा होता.

मंत्र्यांची परीक्षा

दरम्यान चांगलंही घडत होतं. २०१८ मध्ये गाडी शिकण्याचं पान नव्या पद्धतीने आलं. परवानगी आहे का पाहा, शिकाऊ लायसन्स काढा, सराव करा, लेखी परीक्षेची तारीख घ्या, मग प्रत्यक्ष परीक्षा, अशा क्रमाने पायऱ्या लावल्या. लायसन्स एका संस्थेचं, परीक्षा दुसरीची, पण शिकणाऱ्या पोराला ही सीमा कुठे लागत नाही.

सेवांना साइटवर जागा मिळण्यासाठी एप्रिल २०१४ पासून २६ अटींची परीक्षा लागू झाली होती. त्यातली शेवटची अट माझी आवडती: त्या खात्याच्या मंत्र्याने ती सेवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वापरून पाहिली पाहिजे. उद्घाटनाची फीत कापणं यात मोजलं जात नव्हतं, फॉर्म भरायचा होता. २०१५ मध्ये अटी १८ झाल्या, त्यातही ही टिकली. २०१९ मध्ये त्या १४ झाल्या. त्या वेळी नागरिकाचा प्रश्न तुकड्यांत न सोडवता पूर्ण सोडवा, ही चांगली अट आत आली, आणि मंत्र्यांची गळली. मी असतो तर एखादी दुसरी गाळली असती.